वेगाची शाळा

मोटारसायकल हे आज आपल्या देशातील सामान्य कुटुंबाचे वाहन झाले आहे. दूध घालणाऱ्या गवळ्यापासून महाविद्यालयातील विद्यार्थ्यापर्यंत सर्वांचा तिच्याशी नित्याचा परिचय असतो. आणि जी वस्तू नित्य परिचयाची, तिचा अभ्यास सहसा कोणी करीत नाही. गिअर कसा टाकावा आणि ब्रेक कोठे आहे, एवढे कळले की गाडी चालविता आली, असे मानण्याची रीत आहे. परंतु २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील दर शंभरांत ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. या सर्व मृत्यूंना चालकाचे अज्ञानच कारण झाले असे नव्हे. तथापि ऐन संकटाच्या क्षणी गाडी कशी आवरावी, याचे शिक्षण फारच थोड्यांना मिळालेले असते, हे नाकारता येणार नाही.

हे शिक्षण घ्यावयाचे कोठे? सार्वजनिक रस्ता ही त्याची जागा खचित नव्हे. तेथे वळणापलीकडे गुरे असतील, वाळू सांडलेली असेल किंवा शाळेतून घरी निघालेले मूल असेल. रस्त्यावर वेगाची चढाओढ करणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे गुन्हाही आहे. म्हणून शर्यतीसाठी बांधलेले मार्ग काही ठराविक दिवशी सामान्य चालकांना, त्यांच्या स्वतःच्या रोजच्या मोटारसायकलींसह, शुल्क घेऊन खुले केले जातात. या दिवसाला 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक लावले जात नाहीत आणि बक्षीसही नसते. बंदिस्त मार्गावर एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्या, पुरेशी मोकळी जागा आणि हाताशी रुग्णवाहिका, एवढीच सोय येथे केलेली असते.

भारतात असे मार्ग मोजकेच आहेत. चेन्नईकडील शर्यती पूर्वी शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानांच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग तयार झाला. कोइंबतूरला कारी मार्ग आहे, तर दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ साली खुला झालेला बुद्ध मार्ग पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे. शिकाऊ चालकाच्या दृष्टीने मार्गाच्या लांबीपेक्षा त्यावरील वळणांची विविधता अधिक मोलाची असते.

या दिवसाची तयारी घरापासूनच सुरू होते, आणि तीतील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. ब्रेकमधील तेल हवेतील दमटपणा हळूहळू शोषून घेते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे 'डॉट ४' प्रतीचे तेल ताजे असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. शहरात ब्रेक इतके तापत नाहीत. पण येथे प्रत्येक फेरीत ते पुनःपुन्हा जोराने लावावे लागतात. तेल उकळले की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबाने चेपतात, आणि ब्रेकचा दांडा मुठीला टेकला तरी गाडी थांबत नाही. म्हणून जुने तेल काढून नवे भरणे ही पहिली दक्षता होय. टायरमधील हवेचेही तसेच. ३० अंशांवर दर चौरस इंचास ३३ पौंड भरलेली हवा टायर ६० अंशांपर्यंत तापल्यावर ३७-३८ पौंडांपर्यंत चढते. याकरिता तेथील जाणत्यांच्या सल्ल्याने ती आरंभीच थोडी कमी करतात. इंजिन थंड ठेवणारे रासायनिक द्रव सांडल्यास मार्ग निसरडा होतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याऐवजी साधे पाणी भरावयास सांगतात. पडल्यास काचांचे तुकडे विखुरू नयेत यासाठी आरसे काढून ठेवतात आणि दिव्यांवर चिकटपट्टी लावतात. स्वाराने संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, चामड्याचा पोशाख, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालावयाचे असतात. आणखी एक गोष्ट घरीच पाहावी: विम्याच्या सर्वसाधारण करारात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. त्या दिवशीचे नुकसान आपल्याच खिशातून जाईल, असे समजून चालावे.

सकाळी वाहनांची तपासणी होते, अनुभवाप्रमाणे चालकांचे गट पाडले जातात आणि निशाणांचा अर्थ सांगितला जातो. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, कोणास ओलांडू नये. लाल म्हणजे सत्र थांबले, वेग कमी करून सावकाश परत यावे. चौकटींचे म्हणजे सत्र संपले. यानंतर पंधरा-वीस मिनिटांची सत्रे, आणि मध्ये विश्रांती.

आता वळणाकडे येऊ. वळताना दुचाकी आतल्या बाजूस कलते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ३० अंशांचा कल लागतो. तेच वळण ताशी ८० ने घ्यावयाचे तर हा कल ४५ अंशांवर जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण टायरवरील ओढ जवळजवळ पावणेदोन पट झाली. ब्रेकचाही हिशेब असाच आहे. कोरड्या मार्गावर ताशी ५० वेगाची गाडी उत्तम ब्रेकने बारा-तेरा मीटरांत थांबत असेल, तर ताशी १०० च्या गाडीला सुमारे पन्नास मीटर लागतील. शिवाय टायरची पकड एकच असते. एकाच पगारातून घरभाडे आणि किराणा दोन्ही भागवावे, तशी ती वळणे आणि थांबणे या दोहोंत वाटून घ्यावी लागते. वळणावर पुरी पकड खर्ची पडलेली असताना जोराने ब्रेक लावला, तर गाडी निसटते. म्हणून ब्रेकचे मुख्य काम वळणापूर्वी सरळ मार्गावर उरकावे, वळणात मूठ अलगद स्थिर ठेवावी, आणि गाडी उभी होऊ लागली की वेग वाढवावा, असा क्रम शिकवितात.

टायरप्रमाणेच मनाचेही एक अंदाजपत्रक असते. कीथ कोड या अमेरिकन शिक्षकाने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात चालकाच्या अवधानाला दहा डॉलरच्या नोटेची उपमा दिली आहे. नवख्याचे बहुतेक डॉलर भीतीवरच खर्च होतात. गाडी चालविण्यास फारसे उरत नाहीत. भीती वाटली की माणूस तीन गोष्टी आपोआप करतो: अंग ताठरते, मूठ एकदम सुटते, आणि नजर जेथे जाऊ नये नेमकी तेथेच खिळते. नजर जेथे, गाडी तेथे, हा दुचाकीचा नियम असल्यामुळे खड्डा टाळू पाहणारा खड्ड्यातच जातो. मूठ एकाएकी सुटल्याने भार पुढच्या चाकावर येतो. त्यातच ब्रेक आवळला गेल्यास गाडी उभी राहू पाहते आणि वळणाबाहेर धाव घेते. रस्त्यावरील चालकाला आपण नेमके काय केले हे उमगतही नाही, कारण तेच वळण त्याच मनःस्थितीत त्याच्यासमोर पुन्हा येत नाही.

ट्रॅकवर मात्र ते पुन्हा येते. एका फेरीस अडीच मिनिटे धरली तर पंधरा मिनिटांच्या सत्रात तेच वळण सहा वेळा भेटते. पहिल्या वेळी चुकलेले दुसऱ्या वेळी ध्यानात येते, तिसऱ्या वेळी सुधारता येते. नजर वळणाच्या टोकाकडे नेणे, उजवीकडे वळण्यासाठी हँडलची उजवी बाजू हलकेच पुढे दाबणे, पुढचा ब्रेक न दचकता क्रमाक्रमाने आवळणे, या क्रिया हळूहळू हाताच्या सवयीच्या होतात. म्हणून पहिल्या दिवशी दुसऱ्याला मागे टाकण्याचा मोह दूर ठेवावा. संध्याकाळी शरीर थकलेले आणि मन फुगलेले असते. शेवटच्या सत्रात ही दोन्ही एकत्र येतात. थकवा जाणवताच ते सत्र सोडून देणाऱ्यास कोणी भित्रा म्हणत नाही.

परतीच्या प्रवासाआधी आरसे लावावेत, दिव्यांवरील पट्ट्या काढाव्यात आणि टायरमध्ये पूर्ववत हवा भरावी. दिवसभराच्या वेगाने डोळे फसतात. ताशी ८० ही गती रांगल्यासारखी वाटू लागते. हा भास ओळखणे हाही त्या दिवसाचाच धडा आहे. ताशी १०० वेगाला गाडी थांबण्यास किती जागा लागते हे ज्याने स्वतः मोजून पाहिले, तो पुढल्या ट्रकच्या मागे इतक्या जवळून सहसा जाणार नाही. पुण्या-मुंबईचा तरुण हजार किलोमीटरांहून दूर चेन्नईस जाऊन एवढे जरी शिकून आला, तरी त्या शुल्काचा आणि श्रमाचा मोबदला त्याला मिळाला. तो वेगाने जाऊ लागला की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. रस्त्यावर एखादे मूल अचानक आडवे आले असता त्याचा हात न दचकता ब्रेकवर गेला पाहिजे, हे खरे महत्त्वाचे.