मासळी, मटण आणि वाइन

नाशिकच्या सुला कंपनीने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन पांढऱ्या होत्या: सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. लाल वाइन नंतर आली. मासळीबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल हा संकेत युरोपातला. त्यात रूढी किती आणि रसायन किती?

लाल वाइन द्राक्षांच्या साली-बियांसह आंबवतात, म्हणून तिच्यात टॅनिने उतरतात. ती लाळेतील प्रथिनांना चिकटतात; लाळेचे वंगण जाते व जीभ तुरट होते. मटणातील प्रथिने आणि चरबी टॅनिनांना गुंतवतात. वर्गात हे दाखवायला वाइन कशाला? कोऱ्या कडक चहाचा घोट घ्यावा, मग दूध घालून घ्यावा. दुधातले केसीन तेच काम करते.

मासळीचे कारण वेगळे. वाइनमधील लोहामुळे तोंडात मासळीचा उग्र वास रेंगाळतो, असे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवले. म्हणजे दोष रंगाचा नव्हेच. कमी लोहाची लाल वाइन चालून जाते.

मात्र आमच्या नवी मुंबईतल्या कोळीवाड्यांतील तिखट कालवणापुढे हा संकेत लंगडा पडतो. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णतेच्या ज्या संवेदकाला चेतवते, तो एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोलमुळे सुमारे ३४ अंशांनाच. मग तोंड भाजणारच! म्हणून कमी अल्कोहोलची, गोडसर वाइन सुचवतात. आम्हाला विचाराल तर सोलकढी बरी: नारळाच्या दुधातील मेदात कॅप्सायसिन विरघळते.