नागरिकत्वाचें नांव आणि घराचें दार

नागरिक म्हणजे राष्ट्राचा घटक, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या राष्ट्राचा पासपोर्ट हातीं आहे, त्या राष्ट्रांत जाऊन राहण्याचा हक्क नागरिकास असतोच काय? ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यास ब्रिटिश पार्लमेंटला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

१९४८ च्या कायद्यानें ब्रिटन व त्याच्या वसाहती ह्यांतील लोकांस एकच नागरिकत्व दिलें. लंडनचा दुकानदार आणि दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलिना बेटाचा कोळी कायद्याच्या दृष्टीनें समान ठरले. पुढें १९६२ पासून प्रवेशावर निर्बंध आले. नांव तेंच राहिलें, दार मात्र मिटूं लागलें. १९८१ सालीं गृहमंत्री व्हाइटलॉ ह्यांच्या कारकीर्दींत संमत झालेल्या कायद्यानें त्या एका नागरिकत्वाचे तीन वर्ग केले: ब्रिटिश नागरिक, परतंत्र प्रदेशांचे नागरिक आणि सागरपार नागरिक. ब्रिटनमध्यें वसण्याचा आपोआप हक्क पहिल्या वर्गासच राहिला.

ह्याचें खरें कारण हाँगकाँग होय. तेथील वस्ती पन्नास लाखांहून अधिक होती. उलट सेंट हेलिनाची पांच-सहा हजार, तर फॉकलंड बेटांची दोन हजारांच्या आंत होती. एकास दार उघडलें तर सर्वांस उघडावें लागेल, अशी सरकारची भीति होती. तरी अपवाद झालेच. उमरावांच्या सभागृहांत दुरुस्ती होऊन जिब्राल्टरच्या लोकांस ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करण्याचा हक्क मिळाला. १९८२ सालीं फॉकलंडचें युद्ध झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं स्वतंत्र कायद्यानें त्या बेटवासीयांस पूर्ण नागरिकत्व मिळालें. सेंट हेलिनावर युद्ध झालें नाहीं. तेथील लोक १६७३ सालच्या राजा दुसऱ्या चार्ल्सच्या सनदेकडे बोट दाखवीत तिष्ठत राहिले.

१ जुलै १९९७ रोजीं हाँगकाँग चीनकडे गेलें. त्यापूर्वीं तेथील चिनी नसलेल्या अल्पसंख्यांचा प्रश्न उभा राहिला. त्यांत अनेक भारतीय वंशाचीं कुटुंबें होतीं. ज्यांस दुसऱ्या कोणत्याहि देशाचें नागरिकत्व नव्हतें, त्यांच्यासाठीं त्याच वर्षीं पार्लमेंटनें वेगळा कायदा केला. हाँगकाँगची अडचण संपल्यावर इतर प्रदेशांस नाकारण्याचें कारण उरलें नाहीं. २१ मे २००२ रोजीं त्यांच्या नागरिकांस ब्रिटिश नागरिकत्व मिळालें. केवळ सायप्रसमधील लष्करी तळांशीं संबंध असलेले तेवढे वगळले गेले.

तरीहि एक अन्याय मागें राहिला. दिएगो गार्सियाच्या तळासाठीं छागोस द्वीपसमूहांतील रहिवाशांस १९७३ पर्यंत बाहेर काढण्यांत आलें होतें. त्यांच्या परदेशांत जन्मलेल्या अनेक वंशजांस २००२ च्या कायद्याचा लाभ झाला नाहीं. त्यांच्यासाठीं नोंदणीचा मार्ग २०२२ च्या कायद्यानें खुला केला.

हक्क कोणास द्यावा हें तत्त्वावर ठरतें असें सभागृहांत बोललें जातें. ह्या इतिहासांत मात्र तें पुष्कळदां मागणाऱ्यांच्या संख्येवर ठरलें. म्हणून नागरिकत्वाचा कायदा वाचतांना त्यांत कोणतें नांव दिलें आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. त्या नांवानें कोणतें दार उघडतें, हें विचारलें पाहिजे.