एका फांदीतून फुलवा रंगीत पानांची बाग

सोलापूर - एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सोलापुरातील गॅलरीतली रंगीत पानांची झाडे सर्वांत आधी माना टाकतात. पावसाळ्यात हौसेने आणलेली रोपे उन्हाळ्यात जळतात आणि जूनमध्ये पुन्हा खरेदी करावी लागते. हा खर्च टाळायचा, तर घरच्याच झाडाची छाट कलमे करून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

कोलियस व क्रोटन ही मूळची आग्नेय आशियातील दमट हवेची झाडे. कापलेल्या फांदीला मुळे नसल्याने ती पुरेसे पाणी शोषू शकत नाही. पाने मात्र बाष्परूपाने पाणी बाहेर टाकतच राहतात. कोरड्या हवेत हा तोटा वाढतो आणि मुळे फुटण्याआधीच फांदी सुकते. त्यामुळे जून ते सप्टेंबर हा काळ कलमांसाठी उत्तम.

अशी घ्या छाट

निरोगी फांदीचा शेंड्याकडील चार ते सहा इंचांचा तुकडा धारदार, स्वच्छ ब्लेडने पेराच्या किंचित खाली कापावा. मुळे प्रामुख्याने पेराजवळूनच फुटतात. वरची दोन-तीन पाने ठेवून बाकीची काढावीत. क्रोटनची पाने मोठी असल्यास निम्मी कापावीत. क्रोटनच्या चिकाने त्वचेला खाज सुटू शकते. काम झाल्यावर हात धुवावेत.

आपल्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे कलमांसाठी भरड वाळू व कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. कलम लावून पाणी द्यावे, वरून पारदर्शक पिशवीचे आच्छादन करावे व कुंडी उजेडात, परंतु थेट उन्हाबाहेर ठेवावी. पिशवीत ओलावा टिकत असल्याने पाणीही कमी लागते. कोलियसला एक-दोन आठवड्यांत, तर क्रोटनला साधारण महिना-दीड महिन्यात मुळे येतात. क्रोटनसाठी मुळे फुटण्याचे संजीवक वापरल्यास फायदा होतो.

कोलियस साध्या पाण्याच्या बाटलीतही रुजतो. मात्र, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरविणाऱ्या डासांची पैदास होते.

रंग टिकतो का?

बियांपासून केलेल्या कोलियसचे रंग वेगळे निघू शकतात. कलमातून सहसा मूळ झाडाचाच रंग येतो. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचे पान लावल्यास मात्र नव्या रोपाला हिरवीच पाने येतात. त्याचे कंद विभागूनच रोपे करावीत.

फेब्रुवारीत, ऊन तापण्याआधी, कोलियसची दोन-तीन कलमे घरात रुजवून ठेवावीत आणि एखादे शेजाऱ्यांनाही द्यावे. मे महिन्यात मूळ झाड गेलेच, तरी त्याचा वाण राहतो.