पत्रवाहक आमच्या परिचयातील आहे

१९९१ साली बी.एस्सी.चा निकाल लागला आणि मामांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. मामांच्या साडूंचे एक स्नेही पुण्यात एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होते, त्यांच्या नावाची. ‘पत्रवाहक आमच्या परिचयातील असून मुलगा होतकरू आहे, शक्य ते पाहावे,’ एवढाच मजकूर. मी काय शिकलो, मला काय येतं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. चिठ्ठी खिशात घालून मी रात्रीच्या एसटीने स्वारगेटला उतरलो, दुपारपर्यंत कारखान्याच्या गेटवर बसलो आणि ते गृहस्थ महिनाभराच्या रजेवर असल्याचं कळल्यावर परत फिरलो. नोकरी लागली ती परतीच्या एसटीत. शेजारच्या माणसाने शेंगा सोलता सोलता सांगितलं, की अमुक कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघालीय. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

हा माणूस केवढा महत्त्वाचा होता ते फार उशिरा, मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा निबंध वाचताना कळलं. नाजूक धाग्यांची ताकद, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, की या जागेची खबर तुम्हाला कोणी दिली आणि त्या माणसाची तुमची गाठ किती वेळा पडायची? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी खबर देणाऱ्याला आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे १६.७ टक्केच निघाले. ५५.६ टक्क्यांची गाठ अधूनमधून पडायची, आणि २७.८ टक्क्यांची वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. विचार केला तर यात नवल नाही. घरच्यांना आणि जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी खबर परक्या घोळक्यातून येते, आणि त्या घोळक्यात आपलं माणूस म्हणजे असा अर्धवट ओळखीचा कोणीतरी.

या जुन्या निबंधाची मोठी परीक्षा झाली ती लिंक्डइनवर. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली आलेल्या संशोधनात २ कोटींहून अधिक सभासदांना ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ म्हणून दाखवली जाणारी नावं वेगवेगळ्या प्रकारे बदलून पाहिली होती. (सभासदांना याचा पत्ता नव्हता, त्यावरून थोडा गदारोळही झाला.) निष्कर्ष असा, की नोकरी बदलायला सर्वांत जास्त उपयोग मधल्या ओळखींचा होतो. अगदी घट्ट नव्हे, अगदी परक्याही नव्हे. साधारण दहा माणसं दोघांच्याही माहितीतली आहेत, अशा. संगणकाशी जास्त संबंध असलेल्या उद्योगांत सैल ओळखी कामाला आल्या, तर जिथे तसा संबंध कमी तिथे घट्टच.

मी सध्या तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवतो आणि कॉलेजचा प्लेसमेंट सेल सांभाळतो. सेल म्हणजे एक खोली, एक संगणक आणि एक रजिस्टर. आमच्या मुलांच्या मागे बहुधा मामांचे साडू नसतात. असले तरी त्यांच्या ओळखी साखर कारखान्यापाशी किंवा जिल्हा बँकेपाशी संपतात. म्हणून लिंक्डइनबद्दल मी जरा आग्रहाने बोलतो. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेत सुरू झालेलं हे संकेतस्थळ २०१६ साली मायक्रोसॉफ्टने २,६२० कोटी डॉलरना घेतलं. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याने १०० कोटी सभासदांचा टप्पा ओलांडला, आणि सभासदसंख्येत अमेरिकेखालोखाल भारत आहे. सोळा वर्षं पूर्ण झाली की खातं उघडता येतं आणि पैसे पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मोबाइल घेऊन सेलमध्ये आली. “सर, प्रोफाइल केलंय, पण कोणी बघतच नाही.” मी बघितलं. नावाखालच्या ओळीत, म्हणजे हेडलाइनमध्ये, उभ्या रेघा मारून लिहिलं होतं: भावी डेटा अ‍ॅनालिस्ट, उत्साही, शिकण्याची आवड असलेली, स्वप्न पाहणारी. अबाउटमध्ये तीन परिच्छेद होते, गुळगुळीत इंग्रजीत, आणि ते कोणी लिहिले हे विचारायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात तेच तीन परिच्छेद मी आणखी चार प्रोफाइलवर वाचले होते, एक तर मेकॅनिकलच्या मुलाचं होतं. फोटो चुलतभावाच्या लग्नातला, कापून घेतलेला. खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेला होता.

“हे राहू दे. तू गेल्या वर्षभरात केलंस काय?”

“काही नाही सर. कॉलेज, घर.”

अर्ध्या तासाने बाहेर आलं, की गावच्या दूध संकलन केंद्रावर तिचे काका सचिव आहेत आणि सुट्टीत ती तिथे नोंदी करायला बसते. ६२ उत्पादक, सकाळ-संध्याकाळ, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक). ८ महिन्यांच्या नोंदी तिने हौसेने एक्सेलमध्ये भरल्या होत्या. संध्याकाळच्या दुधाला फॅट जरा जास्त लागते हे तिला आकड्यांत दिसलं. गावात ते सगळ्यांना माहीतच असतं, सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांत वेळ कमी जातो म्हणून. पण आलेख काढल्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसली. काही दिवशी सगळ्यांचीच फॅट एकदम खाली आली होती. “६२ घरच्या गाई एकाच दिवशी कशा बिघडतील, सर? मी काकांना म्हटलं, मशिन धुवा.” धुतल्यावर आकडे जागेवर आले. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली आकडा गेला की शेतकऱ्याच्या बिलातून पैसे कापले जातात. म्हणजे या पोरीने लोकांच्या खिशातली गळती शोधली होती, आणि प्रोफाइलवर लिहिलं होतं ‘स्वप्न पाहणारी’.

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. मामांच्या चिठ्ठीत माणूस कोणाचा ते होतं आणि त्याने काय केलं ते नव्हतं. हल्लीची प्रोफाइलं पाहिली तर माणूस कोणाचा ते गेलं, पण त्याने काय केलं ते अजून आलेलं नाही.

आम्ही हेडलाइन बदलली. तिथे २२० अक्षरं मावतात, पण मोबाइलवर यादीत पहिले पाच-सात शब्दच दिसतात, म्हणून कामाचं आधी घ्यायचं: बी.एस्सी. संख्याशास्त्र, दूध संकलनाच्या नोंदींचं विश्लेषण, एक्सेल आणि आर. अबाउटला २,६०० अक्षरांची मुभा असते. तिने सहाशेत मशिनची हकिगत लिहिली, तिच्या स्वतःच्या, थोड्या अडखळत्या इंग्रजीत. मी दोन क्रियापदं दुरुस्त केली आणि बाकी मुद्दाम तसंच ठेवलं. फोटोसाठी ती स्टँडसमोरच्या स्टुडिओत गेली. प्रोफाइलच्या दुव्यातली नावापुढची आकड्यांची शेपटी काढून टाकायची सोय असते, ती वापरली. नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेवरचंच ठेवलं. ही बाब क्षुल्लक वाटते. पण आमच्याकडे एकाच मुलाचं आडनाव आधारवर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं आणि लिंक्डइनवर तिसरं असतं, आणि नेमणुकीच्या आधी कागदपत्रं तपासणारा माणूस तिथेच अडतो.

‘अनुभव’ या रकान्यापाशी मुलं हमखास थबकतात. नोकरी केलेली नाही, मग लिहायचं काय? नव्या शैक्षणिक धोरणानंतर ऑन जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आलंय, ते लिहायचं. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत पोस्टर मांडलं असेल तर पोस्टर कशावर होतं ते लिहायचं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात शंभर मुलांच्या जेवणाचा बाजार ज्याने केला त्याने तो हिशेब लिहावा. खरेदीचं काम आणखी निराळं काय असतं? पुण्यातल्या एका मुलाने पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेची प्रकाशयोजना केली होती आणि ती ‘छंद’ या सदरात टाकली होती. मोजके दिवे, ठरलेली वेळ आणि एकही संधी परत न मिळणं, यात मुलाखत घेणाऱ्याला विचारण्यासारखं पुष्कळ आहे. वडिलांच्या खतांच्या दुकानात उधारीची वही सांभाळणं हाही अनुभवच, त्यात लाजायचं काय?

कौशल्यांच्या यादीपुढे मित्रांनी टिचकी मारून दुजोरा द्यायचा, ही सोय २०१२ पासून आहे. तिचं आपल्याकडे लग्नातल्या आहेरासारखं झालंय. तू मला दिलास, मी तुला देतो. वाचणारा तिकडे फारसं लक्ष देत नाही. त्यापेक्षा ज्याच्या हाताखाली काम केलं त्याच्याकडून चार ओळींची शिफारस मागावी. दूध केंद्राच्या त्या मुलीच्या काकांचं लिंक्डइनवर खातं नव्हतं. म्हणून तिने केंद्रावर येणाऱ्या पशुवैद्यकांना विनंती केली, आणि त्यांनी मशिनच्या प्रसंगाचा उल्लेख करून लिहून दिलं.

पण प्रोफाइल म्हणजे दाराला लावलेली पाटी. कोणाचं तरी दार आपल्यालाही वाजवावं लागतं, आणि विद्यार्थ्याच्या हातातलं सर्वांत दुर्लक्षित साधन इथे येतं. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कोण कुठल्या शहरात आहे, कुठल्या कंपनीत आहे, काय काम करतो, कुठला विषय शिकला होता, अशी चाळणी लावून पाहता येते. आमच्या कॉलेजची तिथे तीन वेगवेगळ्या स्पेलिंगची तीन पानं निघाली, तिन्ही चाळली. संख्याशास्त्राची वीस-बावीस नावं सापडली. त्यांतली निम्मी माझ्याच वर्गात बसलेली आणि मी पार विसरलेली.

आता लिहायचं काय? फुकटच्या खात्यावरून ओळख मागताना जोडायच्या चिठ्ठीत जेमतेम २०० अक्षरं बसतात, आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. ‘रिस्पेक्टेड सर, प्लीज रेफर मी’ हा मजकूर माझ्याही खात्यावर येतो, माझ्याकडे द्यायला एकही नोकरी नसताना. तिने पहिला मसुदा असाच आणला होता. दुसरा असा झाला: मी आपल्याच कॉलेजात, संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. दूध केंद्राच्या ८ महिन्यांच्या नोंदींवर काम केलंय. तुमच्या कामात अशा नोंदींतल्या चुका कशा पकडतात, हे विचारायचं होतं. यात नोकरीचं नाव नाही. अनोळखी माणसाला दोन मिनिटांत देता येईल असं काहीतरी मागितलं आहे. असे पाच निरोप तिने पाच जणांना पाठवले, प्रत्येकाचं काम पाहून शेवटचं वाक्य बदलून.

रोज काहीतरी पोस्ट करा, असा सल्ला जागोजागी मिळतो. मला तो पटत नाही. ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो’ने सुरू होणाऱ्या आणि एका दिवसाच्या वेबिनारच्या सर्टिफिकेटवर संपणाऱ्या पोस्टींचा ढीग आधीच पुष्कळ आहे. सांगण्यासारखं असेल तेव्हा सांगावं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याने गिटहबवर काम ठेवावं, संशोधनाकडे जाणाऱ्याने ऑर्किड या संशोधक-ओळखीचा सोळा अंकी क्रमांक काढून ठेवावा, आणि फक्त स्पर्धा परीक्षा देणाऱ्याने या भानगडीत पडलं नाही तरी चालतं.

सावध मात्र सगळ्यांनीच राहायचं. गुणपत्रिकेचा, आधारचा, नेमणूकपत्राचा फोटो टाकू नये. त्यावर जन्मतारखेपासून क्यूआर कोडपर्यंत सगळं असतं. लिंक्डइनवरून २०१२ साली पासवर्ड चोरीला गेले आणि ११ कोटी ७० लाख खात्यांचा माल विक्रीला आल्याचं चार वर्षांनी उघड झालं, तेव्हा बँकेचा आणि इथला पासवर्ड एकच नको. आमच्याच एका मुलाला परदेशी कंपनीच्या नावाने निरोप आला, मुलाखत टेलिग्रामवर झाली, आणि लॅपटॉपच्या अनामतीचे ९,००० रुपये त्याच्या आईने बचत गटातून काढून भरले. निरोप पाठवणाऱ्याचं खातं दीड महिन्यापूर्वी उघडलेलं होतं, हे नंतर पाहिलं. नोकरी देणारा पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवायचा; त्या मुलाने लाजेपायी चार दिवस घालवले.

तिच्या पाच निरोपांपैकी तीन पडूनच राहिले. एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पाचव्या निरोपाचं उत्तर सतराव्या दिवशी आलं, हैदराबादहून, आमच्याकडून २०११ साली बाहेर पडलेल्या मुलीचं. त्यात अभिनंदन नव्हतं की नोकरीचा उल्लेखही नव्हता. एकच प्रश्न होता: मशिन बिघडलेल्या दिवसांच्या नोंदी तू सरासरी काढताना गाळल्यास की धरल्यास?

ती मोबाइल घेऊन पुन्हा सेलमध्ये आली. “सर, मी धरल्यात. आता काय सांगू?”

“धरल्या म्हणून सांग.”

तिने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, की धरल्या, लक्षातच आलं नाही, पुन्हा करून पाठवते. मग घड्याळ पाहिलं. संध्याकाळचं संकलन सहाला सुरू होतं आणि एप्रिलचं रजिस्टर काकांच्या कपाटात होतं. साडेचारची एसटी गाठायला ती निघून गेली.