दूरचित्रवाणी संच बदलताना

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले आणि १९८२ साली पडद्यावर रंग अवतरले. त्या काळी टीव्ही ही संपूर्ण चाळीत किंवा आळीत एखाद्याच घरी असणारी वस्तू होती. आज सामान्य कुटुंबातही ती नित्याची झाली आहे. बातम्या, हवामान, शेतीचे सल्ले, मालिका, क्रिकेट आणि घरी बसून शिकणाऱ्यांसाठी शैक्षणिक पाठ हे सारे या एका पेटीतून घरात येते. त्यामुळे संच बंद पडला की घर सुने वाटू लागते आणि त्या अस्वस्थतेतच घाईने नवी खरेदी होते.

मोजकी मिळकत असलेल्या घरात दहा-बारा हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. तीच रक्कम मुलीच्या शिक्षणासाठी, औषधोपचारासाठी किंवा पावसाळ्यापूर्वी छप्पर दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेली असू शकते. म्हणून ती खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दुकानातील चिठ्ठीवर लिहिलेली किंमत आणि त्या संचाचा खरा खर्च या दोन निराळ्या बाबी आहेत. वाहिन्यांचे मासिक शुल्क, वीज, दुरुस्ती आणि हप्त्यांवरील व्याज हे सर्व मिळून खरा खर्च ठरतो.

आधी दुरुस्तीचा विचार

संच बंद पडला म्हणजे तो निकामी झाला असे नाही. प्रथम विजेचे बटण, जोडवायर, रिमोटमधील सेल आणि सेट-टॉप बॉक्स तपासून पाहावेत. अनेकदा दोष बॉक्समध्ये किंवा सैल झालेल्या वायरीत असतो आणि बोल मात्र टीव्हीला लागतो. शक्य असल्यास शेजाऱ्यांचा बॉक्स क्षणभर आपल्या संचाला जोडून पाहावा. दोष कोठे आहे ते लगेच कळते.

सपाट पडद्याच्या संचात आवाज येतो, पण चित्र दिसत नाही, अशी तक्रार वारंवार आढळते. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका बॅटरीचा झोत टाकावा. चित्राची पुसट आकृती हलताना दिसली, तर पडदा शाबूत असून त्यामागील प्रकाश देणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या बिघडल्या आहेत, असे समजावे. या पट्ट्या बदलता येतात आणि त्यांचा खर्च नव्या संचापेक्षा बराच कमी असतो. याउलट पडद्याला तडा गेला असेल, तर मुख्य पॅनेलच बदलावे लागते. हा संचातील सर्वांत महाग भाग असल्याने तेथे दुरुस्ती सहसा परवडत नाही.

ही तपासणी बाहेरूनच करावी. संचाचे मागील झाकण स्वतः उघडू नये. पिक्चर ट्यूबच्या जुन्या संचात वीज बंद केल्यानंतरही काही काळ उच्च दाबाची वीज साठून राहते आणि तिचा झटका जीवघेणा ठरू शकतो. कारागिराकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि दुरुस्तीनंतर किती महिन्यांची हमी मिळेल, हेही विचारावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात सहभागी असलेल्या कंपन्यांची सेवा केंद्रे आणि हमीच्या अटी तेथे पाहता येतात.

कार्यक्रम कोणत्या मार्गाने येतात?

दुरुस्ती परवडत नाही असे ठरल्यावर नव्या संचाकडे वळावे. परंतु संचाआधी त्यात येणाऱ्या वाहिन्यांचा विचार करावा. घराच्या छपरावरील जुन्या अँटेनावर दूरदर्शन दिसण्याचे दिवस आता जवळजवळ संपले आहेत, कारण प्रसार भारतीने आपली जुन्या पद्धतीची बहुतेक भू-प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यामुळे केबल, खासगी कंपनीची डिश किंवा दूरदर्शनची मोफत डिश यांपैकी एक मार्ग निवडावा लागतो.

दूरदर्शनची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स यांसाठी साधारणपणे दोन हजार रुपयांच्या आसपास एकदाच खर्च येतो. ही सेवा उपग्रहावरून येत असल्याने गाव आणि शहर असा भेद तिला नाही. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिचा आणखी एक लाभ आहे. तेथील केबलवाला मराठी वाहिन्या देईलच असे नाही, पण या डिशवर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी घेता येते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्याही विनामूल्य आहेत आणि त्यांवरून मुक्त विद्यालयाचे पाठही प्रसारित झाले आहेत. मात्र सशुल्क खासगी वाहिन्या या सेवेवर दिसत नाहीत. घरातील मंडळींना त्या हव्या आहेत का, हे आधीच बोलून ठरवावे.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका कुटुंबाने १२,००० रुपयांचा संच घेतला. केबलचे शुल्क दरमहा २५० रुपये धरले, तर पाच वर्षांत १५,००० रुपये होतात. विजेचे महिन्याला ४५ रुपये धरले, तर २,७०० रुपये होतात. एकूण खर्च २९,७०० रुपये झाला. त्याच संचाला मोफत डिश जोडली, तर हा खर्च १६,७०० रुपये होतो. म्हणजे केबलवर झालेला खर्च संचाच्या किमतीहूनही अधिक आहे! दुकानात पाचशे रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण दर महिन्याच्या या शुल्काकडे मात्र सहसा पाहत नाही.

पडद्याचा आकार

पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत घेतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून ३२ इंचांचा पडदा तिरका मोजल्यास सुमारे ८१ सेंटिमीटर भरतो. येथे एक गोष्ट फसवी आहे. जुन्या संचाचा पडदा काहीसा चौकोनी असे, तर नवा पडदा रुंद आणि कमी उंचीचा असतो. जुन्या २१ इंची पडद्याची उंची सुमारे ३२ सेंटिमीटर होती. नव्या २४ इंची पडद्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटरच भरते. त्यामुळे ‘जुना एकवीसचा होता, आता चोवीसचा घेतला तर मोठा दिसेल’ हा समज खरा ठरत नाही. ३२ इंची पडद्याची उंची मात्र सुमारे ४० सेंटिमीटर असते. दहा फूट लांब-रुंद खोलीत, पाच-सहा फुटांवरून पाहणाऱ्या कुटुंबाला तो पुरेसा होतो.

कराच्या बाबतीतही एक बदल ध्यानात ठेवावा. २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या संचांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोहोंवर १८ टक्केच कर आहे. तरीही केवळ कर उतरला म्हणून खोलीला न शोभणारा मोठा संच घेण्यात अर्थ नाही.

चित्राची सुबकता आणि ‘स्मार्ट’पणा

पडद्यावरील चित्र असंख्य सूक्ष्म बिंदूंनी बनते. ‘एचडी रेडी’ संचात आडवे १३६६ आणि उभे ७६८ बिंदू असतात. ‘फुल एचडी’ संचात ते १९२० आणि १०८० असतात. परंतु साध्या दर्जाच्या वाहिनीवरून येणारे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचेच असते. ते कितीही महाग पडद्यावर दाखवले, तरी त्यात नवे तपशील निर्माण होत नाहीत. ओंजळीतले पाणी घागरीत ओतले म्हणून वाढत नाही, तसेच हे आहे. ज्या घरात साध्या वाहिन्याच पाहिल्या जातात, तेथे ३२ इंची ‘एचडी रेडी’ संच पुरेसा आहे.

इंटरनेटला जोडता येणाऱ्या संचाला ‘स्मार्ट’ टीव्ही म्हणतात. घरी इंटरनेटची कायमची सोय नसेल, तर या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत. शिवाय अशा संचातील प्रणाली काही वर्षांनी जुनी होते आणि त्यावरील काही सेवा चालेनाशा होतात. पुढे गरज भासलीच, तर एचडीएमआय खाचेत बसणारे लहानसे उपकरण वेगळे विकत घेऊन साध्या टीव्हीवरही इंटरनेटवरील कार्यक्रम पाहता येतात.

विजेचा हिशेब

ऊर्जा दक्षता ब्यूरोची ताराचिन्हांची योजना २००६ साली सुरू झाली. संचावरील चिठ्ठीवर जितके तारे अधिक, तितकी वीज कमी लागते. वर्षाला किती युनिट लागतील, हा आकडाही तेथे छापलेला असतो. दोन संचांची तुलना करताना पडद्याचा आकार समान आहे ना, हे पाहून हा आकडा वाचावा.

संचामागील पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. ८० वॅटचा जुना संच रोज पाच तास चालवला, तर तीस दिवसांत १२ युनिट वीज लागते. ५० वॅटच्या नव्या संचाला साडेसात युनिट पुरतात. युनिटचा दर सहा रुपये धरल्यास महिन्याला २७ रुपये वाचतात. ही बचत चांगली आहे. पण केवळ तिच्यासाठी चालता संच काढून टाकणे शहाणपणाचे नाही.

दुकानात गेल्यावर

बाजारात अनोळखी नावाचे स्वस्त संच मिळतात. स्वस्त असणे हा दोष नाही, परंतु सुरक्षिततेची खात्री हवी. दूरचित्रवाणी संचांना भारतीय मानक ब्यूरोकडील नोंदणी सक्तीची असून ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक संचावर छापलेला असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो पडताळता येतो. क्रमांक नसलेला संच घेऊ नये.

आपल्या जुन्या बॉक्सची लाल, पांढरी आणि पिवळी वायर नव्या संचाला जोडता येईल का, हे विचारून घ्यावे. संच चालू करून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा पाहावा. डाग किंवा रेषा असल्यास दिसून येतात. जवळचे सेवा केंद्र कोठे आहे, पॅनेलवर किती काळ हमी आहे आणि भिंतीवर बसवण्याचे वेगळे पैसे पडतील का, हेही विचारावे. धक्का लागून फुटलेला पडदा सहसा हमीत बसत नाही, हे लक्षात ठेवावे. खोक्यावरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर वेगळा कर देऊ नये. ‘बिल नको, शंभर रुपये कमी करतो’ या बोलण्याला भुलू नये. बिल नसेल, तर हमी मागणेही कठीण होते.

‘बिनव्याजी’ हप्ते

हातात पूर्ण रक्कम नसली की हप्त्यांचा मार्ग सोपा वाटतो. परंतु शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजी बँकांना बजावले होते. समजा, एखादा संच रोखीने ११,००० रुपयांना मिळतो. हप्त्याने घेतल्यास दोन हजारांचे सहा मासिक हप्ते आणि सुरुवातीला ३०० रुपये प्रक्रिया शुल्क द्यावे लागते. म्हणजे १२,३०० रुपये झाले. हे जादा १,३०० रुपये व्याजच होय, आणि त्याचा दर वर्षाला सुमारे ४० टक्के पडतो! १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक ग्राहकाला देणे सक्तीचे आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नये. शक्य असल्यास तेच दोन हजार रुपये सहा महिने बाजूला टाकावेत. त्या काळात घर टीव्हीविना राहील, पण कर्जाविनाही राहील.

खरेदीनंतर

संच सदोष निघाला आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही.

जुना संच उकिरड्यावर टाकू नये. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ती फोडल्यास मुलांना आणि मातीला अपाय होतो. असा संच अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावा.

दुकानात ओळीने मांडलेले सारे पडदे सारखेच झगमगतात आणि तेथे उभे राहिल्यावर मन मोठ्या पडद्याकडे ओढ घेते. म्हणून खोलीचे माप, हव्या असलेल्या वाहिन्या, पाच वर्षांचा खर्च आणि जास्तीत जास्त द्यावयाची रक्कम या चार गोष्टी कागदावर लिहून घरातील सर्वांसमोर वाचाव्यात. तो कागद खिशात घेऊन दुकानात गेलेल्या ग्राहकाला त्याच्या गरजेपेक्षा अधिक काही विकणे कोणालाही सोपे जात नाही.