छेद घेण्यापूर्वीची पृच्छा

निष्णात सर्जनाच्याही हातून घाईगर्दीत एखादी मामुली बाब निसटू शकते, हे जाणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ कलमांची एक तपासयादी जारी केली; तिच्या रचनेत अग्रभागी असलेले डॉ. अतुल गावंडे यांचे घराणे मूळचे विदर्भातले. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन प्रसंगी सर्वांनी क्षणभर थांबून रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, औषधांचे वावडे, सुया व गॉजचा हिशेब यांची मोठ्याने शहानिशा करावी आणि, ज्येष्ठांना बहुधा हेच जड जात असावे, प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, एवढीच ही तजवीज. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा अंमल झाल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर उतरल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मात्र दप्तरी तिचा वापर जवळजवळ सर्वत्र नोंदला जाऊनही मृत्युप्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही, असे २०१४ च्या अभ्यासात नमूद आहे. तेव्हा शस्त्रक्रियेस जाणाऱ्या रुग्णाच्या आप्तांनी यादी भरली काय, एवढेच न विचारता ती मोठ्याने वाचली जाते काय, हेही अवश्य विचारावे.