मूल हवे असणाऱ्यांनी डॉक्टर कसा निवडावा?

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या बीड जिल्ह्यात आधी सुनेकडे बोट जाते. तिच्या तपासण्या होतात, अंगारे-धुपारे होतात, नवससायास होतात. नवरा मात्र बाहेरच्या बाकावर बसून असतो. वास्तविक अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोष पुरुषाकडे, निदान पुरुषाकडेही, असतो. त्याच्या वीर्याची तपासणी स्वस्त, बिनदुखणी आणि एका दिवसाची. तीच सर्वांत शेवटी होते, याला काय म्हणावे!

केज तालुक्यातले एक जोडपे माझ्या परिचयाचे आहे. बाईंचे वय चौतीस. दोघे मोठ्या शहरात दोन डॉक्टरांना भेटली. पहिल्यांनी पाच मिनिटांत कागद चाळले, "सत्तर टक्के यश" म्हणून सांगितले आणि आगाऊ रक्कम भरायला लावण्याची घाई केली. दुसऱ्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि नवऱ्याला विचारले, "तुमचा रिपोर्ट कुठे आहे?" तो नव्हताच. घरी सासूबाई म्हणाल्या, "पहिला खात्री देतो, हा तर नुसत्या शंकाच काढतो." आपल्यापैकी पुष्कळांना सासूबाईंचेच म्हणणे पटेल.

पण ते सत्तर टक्के कशाचे, हे विचारून पाहा. आय.व्ही.एफ.मध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन अनेक स्त्रीबीजे पक्व करतात, सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने ती बाहेर काढतात, प्रयोगशाळेत शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग घडवतात आणि तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडतात. पुढे दोन आठवड्यांनी रक्ततपासणी. ती होकारार्थी आली की काहीजण तिलाच यश म्हणतात. पण त्यातले काही गर्भ टिकत नाहीत. आई-बापांना हवे असते ते जिवंत मूल. तेव्हा विचारायचे ते असे: आमच्या वयाच्या किती बायकांना, एका फेरीत, मूल घरी नेता आले? पस्तिशीच्या आत ही शक्यता चांगल्या ठिकाणीही साधारण तीनांत एक असते, आणि चाळिशीनंतर ती झपाट्याने उतरते. म्हणजे शंका काढणारे डॉक्टर खरे बोलत होते.

ही विद्या आता नवलाची राहिलेली नाही. जगातले पहिले असे मूल 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडात जन्मले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी तेच साधले. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि 1981 साली त्यांनी स्वतःच जीवन संपविले. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. याच आनंद कुमारांनी मुखर्जींचे कागद वाचून 1997 साली पहिलेपणाचा मान त्यांना दिला. असे मनाचे मोठेपण दुर्मीळच.

आता 2021 चा कायदा आपल्या बाजूला आहे. केंद्राची नोंदणी हवी. त्यातही पहिल्या स्तराच्या केंद्राला फक्त वीर्य गर्भाशयात सोडण्याचा उपचार करता येतो, आय.व्ही.एफ. दुसऱ्या स्तराच्याच केंद्रात होते. यशाची शक्यता, खर्च, जुळ्या-तिळ्यांचा धोका, औषधांचे दुष्परिणाम हे सगळे आधी समजावून सांगणे त्यांना बंधनकारक आहे. स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 यांच्या दरम्यान असावे लागते. आणि हो, "मुलगाच होईल असं बघू" म्हणणाऱ्याच्या दारातून तिथूनच परत फिरा. तो गुन्हा आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

डॉक्टरांचा शब्द न पारखता मानला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. 2019 साली जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीच गेल्यावर कुठलेही आय.व्ही.एफ. त्या बाईच्या पोटी मूल देऊ शकत नाही. म्हणून तरुण वयात कोणी "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून सही करू नका.

अंतराचाही विचार करा. इंजेक्शने गावाजवळ घेता येतील, पण सोनोग्राफीसाठी एका फेरीत चार-पाच खेपा पडतात. पहाटेच्या एस.टी.ने जायचे, संध्याकाळी परतायचे, मजुरी बुडवायची. हा खर्च कुठल्याच पॅकेजात धरलेला नसतो. केजच्या त्या जोडप्याने शेवटी दुसऱ्या डॉक्टरांची निवड केली. नवऱ्याच्या तपासणीत शुक्रजंतू फारच थोडे निघाले. बाईंमध्ये काही दोष नव्हता. उपचार चालू आहेत, आणि सोनोग्राफीच्या खेपांना आता नवराही बरोबर असतो.